मैफलीतील रसिकांचा वाटा

गाण्याची आवड असलेली चार माणसे एकत्र जमली की दोन विषयांवर वाद हमखास रंगतो. पहिला विषय म्हणजे श्रेष्ठ गायक कोणता, आणि दुसरा म्हणजे त्याची अविस्मरणीय मैफल कोणती. पहिल्या वादात निदान पुरावा तरी पुढे करता येतो. ध्वनिमुद्रिका लावावी आणि 'ऐका' म्हणावे. दुसऱ्या वादात मात्र "तुम्ही त्या दिवशी तेथे नव्हता" एवढे एकच वाक्य उच्चारून प्रतिपक्षाला निरुत्तर करता येते. मैफल होऊन जाते आणि तिच्याविषयीची मते तेवढी मागे उरतात. ती मते कशी बनतात, एकाच गाण्याविषयी दोन माणसे इतकी परस्परविरुद्ध का बोलतात, आणि मुळात त्या मैफलीच्या यशापयशात ऐकणाऱ्यांचा वाटा किती असतो, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ध्वनिमुद्रिकेवरील गाणे आणि समक्ष ऐकलेले गाणे यांत महत्त्वाचा भेद आहे. ध्वनिमुद्रण करताना चूक झाली तर ती पुसता येते, न साधलेली जागा पुन्हा गाता येते, आणि अखेरीस जे उत्तम असेल तेच आपल्या कानी पडते. समक्ष मैफलीत ही सोय नाही. तेथे कलावंत, स्थळ आणि श्रोते हे तिघे एकत्र येतात व त्या तिघांच्या मिळून जे घडते त्याला आपण मैफल म्हणतो. कलावंताविषयी आपण पुष्कळ बोलतो, स्थळाविषयी थोडे बोलतो. परंतु श्रोत्यांविषयी, म्हणजे स्वतःविषयी, सहसा बोलत नाही.

प्रथम आपल्याकडीलच एक उदाहरण घेऊ. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मराठी माणसाचे सर्वांत लोकप्रिय संगीत म्हणजे नाट्यसंगीत. त्या काळी 'गंधर्व नाटक मंडळी'चे बालगंधर्व आणि 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले हे दोन गायक नट रसिकांच्या गळ्यातील ताईत होते. दोघांच्या चाहत्यांचे जणू दोन तट पडले होते. एका पक्षाला बालगंधर्वांच्या गाण्यातील माधुर्य आणि लाघव यांपुढे सर्व काही फिके वाटे. दुसऱ्याला केशवरावांच्या चढ्या, तेजस्वी आवाजाची मोहिनी होती. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात, टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ, हे दोघे एकाच रंगमंचावर उभे राहिले. नाटक होते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'संगीत मानापमान'. बालगंधर्व भामिनी झाले होते आणि केशवराव धैर्यधर. त्या रात्री अधिक कोण रंगले, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव निवर्तले. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही; त्यामुळे निकाल देणारा पुरावाही नाही. ज्याने जे ऐकले, किंवा आपण ऐकले असे ज्याला वाटले, तेवढेच शिल्लक राहिले.

याच रंगभूमीवर श्रोत्यांच्या हाती एक विलक्षण अधिकार होता, तो म्हणजे 'वन्स मोअर'चा. हे दोन इंग्रजी शब्द मराठी प्रेक्षकांनी असे आपलेसे केले की ते परके आहेत हे आज कोणाच्या ध्यानीही येत नाही. प्रेक्षागृहातून 'वन्स मोअर'चा गजर झाला की कथानक जागच्या जागी थांबे आणि पद पुन्हा सुरू होई. एकेका पदाला असे अनेक 'वन्स मोअर' मिळत आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. नाटक म्हणून त्याची हानी होत असे, हा आक्षेप खोटा नाही. पण गायकाने त्याच पदात पुन्हा नवे काही दाखवावे अशी अपेक्षाही त्या हाकेत असे. श्रोते काय मागतात यावर कलावंत काय देतो हे अवलंबून असते, याचा हा सरळ दाखला होय.

अगदी निराळ्या देशात, निराळ्या संगीतात आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट १९६० नंतरच्या दशकात दिसून आली. इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरात जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघा तरुणांचा 'बीटल्स' हा गानवृंद उदयास आला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते प्रथम गायिले, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. या वेडाला साजेसे नाट्यगृह कोठून आणावे? मग खेळांची मैदानेच मैफलीसाठी घेण्यात आली. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शी स्टेडियममध्ये, जेथे एरवी बेसबॉलचे सामने होत, सुमारे ५५,६०० श्रोते जमले. कार्यक्रम जेमतेम अर्ध्या तासाचा होता आणि त्या अर्ध्या तासात श्रोत्यांचा, विशेषतः किशोरवयीन मुलींचा, जो आरडाओरडा चालला होता त्यात गाणी जवळजवळ बुडून गेली.

येथे थोडे पदार्थविज्ञान आठवावे लागेल. ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. वर्गात किंवा लहान सभागृहात हा विलंब आपल्या लक्षात येत नाही. परंतु १७० मीटर अंतरावर बसलेल्या माणसाला प्रत्येक सूर अर्धा सेकंद उशिरा ऐकू येतो. मैदानात ठिकठिकाणी कर्णे लावलेले असतील तर जवळच्या कर्ण्यातील आवाज आधी येतो, दूरच्यातील मागाहून येतो, आणि एक शब्द दुसऱ्यावर चढून सर्वच अस्पष्ट होते. शी स्टेडियममध्ये बीटल्ससाठी १०० वॅटचे खास ध्वनिवर्धक आणले होते. पण गायनाचा आवाज मैदानातील नेहमीच्या घोषणांच्या कर्ण्यांतूनच जात होता. शिवाय गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेले कर्णे आज सर्वत्र असतात, ते तेथे नव्हते. परिणाम असा झाला की श्रोत्यांना गायक ऐकू येत नव्हते, आणि गायकांना स्वतःचेच गाणे ऐकू येत नव्हते. मागे बसून ड्रम वाजविणाऱ्या रिंगोने पुढे सांगितले आहे की, गाणे कोठवर आले आहे हे तो साथीदारांच्या अंगाच्या हालचाली पाहून ताडीत असे. ज्या तालावर सर्व डोलारा उभा, तो ताल धरणाऱ्याला कानांऐवजी डोळ्यांवर विसंबावे लागले!

त्या मुलींना हसणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. बीटल्सची गाणी त्यांनी घरी ध्वनिमुद्रिकांवर शेकडो वेळा ऐकली होती. शब्दन् शब्द त्यांना पाठ होता. गाणे ऐकण्यासाठी त्यांना मैदानात जाण्याची आवश्यकताच नव्हती. आपण ज्यांच्यावर एवढे प्रेम करतो ते चौघे आपल्यासमोर उभे आहेत, आणि आपल्यासारख्याच हजारो जणी येथे आहेत, हा अनुभव घेण्यासाठी त्या आल्या होत्या, आणि तो त्यांना मिळाला. आज त्यांच्यातील कोणी ती संध्याकाळ आयुष्यातील सर्वोत्तम मैफल म्हणून सांगत असेल तर ती असत्य बोलत नाही. मात्र ती ज्या गोष्टीची स्तुती करते ती गोष्ट गाणे नव्हे, एवढे आपण ओळखावे.

या प्रेमाची किंमत कोणी मोजली, तर कलावंतांनी. त्याच काळात बीटल्सची रचना झपाट्याने प्रगल्भ होत होती. ५ ऑगस्ट १९६६ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'रिव्हॉल्व्हर' या ध्वनिमुद्रिकेत एका गीताला गिटार व ड्रम यांची साथच नाही. ८ वादकांच्या तंतुवाद्यांची साथ आहे. त्या महिन्यातील अमेरिकेच्या दौऱ्यात या ध्वनिमुद्रिकेतील एकही गीत त्यांनी गायिले नाही. असले नाजूक काम त्या कोलाहलात दाखविणार कसे? २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांनी ११ गाणी म्हटली, आणि तिकीट लावून केलेला तो त्यांचा अखेरचा कार्यक्रम ठरला. त्यानंतर ते चौघे स्टुडिओच्या भिंतींआड गेले. ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनमध्ये आपल्या कचेरीच्या गच्चीवर ते एकदा गायिले, तेवढाच अपवाद. चाहत्यांनी आपल्या लाडक्या गायकांना प्रेमानेच रंगमंचावरून खाली उतरविले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

कँडलस्टिक पार्कच्या कार्यक्रमानंतर दोनतीन आठवड्यांतच जॉर्ज हॅरिसन मुंबईस आला, तो पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी. परंतु ताजमहाल हॉटेलात तो उतरला आहे ही बातमी फुटली आणि बाहेर चाहत्यांची गर्दी लोटली. शिष्याला शांतपणे रियाज करता यावा म्हणून अखेर गुरुशिष्यांना काश्मीरला जावे लागले. न्यूयॉर्कचे चाहते काय आणि मुंबईचे काय, वेडाची जात एकच.

आता याच्या नेमके उलट असे एक उदाहरण पाहू. पहिल्यात श्रोत्यांचे प्रेम गाण्याच्या आड आले. दुसऱ्यात त्यांचा राग. अमेरिकन कवी-गायक बॉब डिलन, ज्यांना पुढे २०१६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते आरंभी एकट्याने साधी गिटार आणि तोंडाने वाजवावयाची हार्मोनिका घेऊन गात असत. लोकगीतांच्या चाहत्यांना त्यांच्यात आपला प्रवक्ता सापडला होता. विजेवर चालणारी वाद्ये म्हणजे बाजारू संगीत, आणि साधी गिटार म्हणजे सचोटी, अशी त्यांतील पुष्कळांची धारणा होती. २५ जुलै १९६५ रोजी ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्टच्या लोकगीत महोत्सवात डिलन विजेची गिटार गळ्यात अडकवून आणि वादकांचा ताफा घेऊन उभे राहिले. तीन गाणी झाली. श्रोत्यांतून निषेधाचे आवाज उठले. नंतर ते एकटेच साधी गिटार घेऊन परत आले आणि आणखी दोन गाणी म्हणून गेले.

तो निषेध कशासाठी होता? या प्रश्नावर संगीताचे चाहते आजही वाद घालतात. कोणी म्हणतात, विजेच्या वाद्यांमुळे श्रोत्यांना विश्वासघात झाल्यासारखे वाटले. कोणी म्हणतात, आवाजाची व्यवस्था इतकी वाईट होती की शब्दच कळत नव्हते. तिसऱ्यांच्या मते, एवढ्या मोठ्या गायकाने तीनच गाणी म्हणून निघून जावे याचा तो राग होता. लोकगीतांचे ज्येष्ठ गायक पीट सीगर त्या वेळी संतप्त झाले होते. त्यांनी पुढे स्पष्ट केले की आपला राग वाद्यांवर नव्हता, गीताचे शब्द ऐकू येत नव्हते म्हणून होता. एकाच जागी, एकाच वेळी बसलेल्या लोकांनी तीन निरनिराळ्या मैफली ऐकल्या असे दिसते. विशेष म्हणजे त्या तीन गाण्यांतील 'लाइक अ रोलिंग स्टोन' हे गीत अवघ्या पाच दिवसांपूर्वी, २० जुलैला, ध्वनिमुद्रिकेवर प्रसिद्ध झाले होते आणि पुढे ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले.

पुढील वर्षी १७ मे १९६६ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये याहून नाट्यमय प्रसंग घडला. कार्यक्रमाच्या पूर्वार्धात डिलन एकटे गायिले आणि सभागृह तल्लीन होऊन ऐकत राहिले. उत्तरार्धात विजेची वाद्ये आली आणि तेच सभागृह बिथरले. मुद्दाम संथ टाळ्या वाजवून व्यत्यय आणण्यात आला. अखेरच्या गाण्यापूर्वी कोणीतरी "जुडास!" अशी आरोळी ठोकली. जुडास म्हणजे येशू ख्रिस्ताला शत्रूच्या हाती देणारा त्याचा शिष्य. ख्रिस्ती समाजात याहून कठोर शिवी नाही. आपला विश्वास बसत नाही, असे डिलन यांनी उत्तर दिले, साथीदारांना मोठ्याने वाजविण्यास सांगितले, आणि गाणे सुरू केले.

ही मैफल सुदैवाने ध्वनिमुद्रित झाली होती. तरी गंमत पाहा: तिच्या चोरट्या प्रती अनेक वर्षे हातोहात फिरल्या, त्या लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील कार्यक्रम या चुकीच्या नावाखाली. १९९८ मध्ये ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली तेव्हाही ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत ठेवावे लागले, इतके ते रूढ झाले होते. "जुडास" म्हणून ओरडणारा आपणच, असे पुढे एकाहून अधिक व्यक्तींनी सांगितले. पण आरोळी तर एकच होती. १९२१ च्या 'संयुक्त मानापमाना'चा पुरावा नाही म्हणून वाद संपत नाही असे आपण म्हणालो. येथे पुरावा असूनही वाद संपले नाहीत. यावरून आठवणींवर किती भार टाकावा, याचा अंदाज यावा.

मँचेस्टरच्या श्रोत्यांना नापसंती व्यक्त करण्याचा अधिकार नव्हता काय? निश्चित होता. कलावंताने जे दिले ते न आवडणे हा गुन्हा नव्हे. पण आजच्या कानांनी ते ध्वनिमुद्रण ऐकले असता असे जाणवते की, समोर चाललेले गाणे बाजूला सारून त्यातील काही जण मनातल्या जुन्या डिलनशी त्याची तुलना करीत बसले होते. प्रेमाने भारलेल्या श्रोत्याप्रमाणेच अपेक्षेने भारलेला श्रोताही कानांनी कमी आणि मनाने अधिक ऐकतो.

आता शेवटचे उदाहरण. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित भारतात येत होते. त्यांच्या हालांनी व्यथित होऊन रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनकडे साहाय्याची इच्छा व्यक्त केली आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगला देशासाठी मैफल झाली. मागणी इतकी होती की एकाच दिवशी दोन कार्यक्रम करावे लागले. दोन्ही मिळून सुमारे ४०,००० श्रोते आले. रिंगो स्टार होता, बॉब डिलनही होते. केवळ तिकिटांतून सुमारे २,४३,००० डॉलर जमून ते युनिसेफ या संस्थेकडे गेले.

आरंभ भारतीय संगीताने झाला. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. कलावंतांनी वाद्ये जुळवून घेतली आणि प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला! वाद्ये लावणे हेच श्रोत्यांना वादन वाटले होते. रविशंकरांनी मिस्किलपणे आभार मानले व म्हणाले की, केवळ जुळवणी एवढी आवडली असेल, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. हा प्रसंग ध्वनिमुद्रिकेत ऐकावयास मिळतो आणि आपण भारतीय श्रोते तो ऐकून मनसोक्त हसतो.

पण हसून झाल्यावर पुढचे ऐकावे. वादन चालू असताना धूम्रपान करू नये आणि शांतपणे ऐकावे, अशी विनंती त्या श्रोत्यांना करण्यात आली होती. मुख्यतः बीटल्स आणि डिलन यांच्या ओढीने आलेल्या त्या तरुण जमावाने बंगालच्या लोकधुनांवर आधारलेले सुमारे १६ मिनिटांचे ते वादन खरोखरच लक्ष देऊन ऐकले. राग, ताल, जुळवणी यांतले त्यांना काहीही ठाऊक नव्हते. शी स्टेडियममधील श्रोत्यांना प्रत्येक गीत पाठ होते आणि त्यांनी ते ऐकले नाही. येथील श्रोत्यांना एक सूरही ओळखीचा नव्हता आणि त्यांनी तो ऐकला. रसिकतेला ज्ञान उपकारक आहे यात शंका नाही. पण रसिकतेची सुरुवात ज्ञानापासून होत नाही, ती गप्प बसून ऐकण्यापासून होते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांचे आवडते गायक आहेत आणि त्यांच्यावरून मित्रांशी कडाक्याचे वादही होत असतील. ते अवश्य व्हावेत. व्यक्ती तितक्या प्रकृती; सर्वांना एकच गायक आवडू लागला तर संगीताचा बाजार तेव्हाच उठेल. मात्र मत देण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी प्रत्यक्ष काय ऐकले? मी काय ऐकण्याच्या अपेक्षेने गेलो होतो? आणि मला जे आवडले किंवा आवडले नाही ते गाणे होते, की जागा, गर्दी, आवाजाची व्यवस्था यांपैकी काही होते? या तीन गोष्टी निराळ्या करता आल्या की "तो गायक भिकार आहे" असले शेलके उद्गार आपोआप कमी होतात, आणि "सुरुवातीला शब्द कळले नाहीत, पण दुसऱ्या गाण्यापासून आवाज मोकळा झाला" अशी उपयुक्त वाक्ये वाढतात. अशा वाक्यांनी वाद संपत नाही. तो ऐकण्याजोगा होतो.

आज मैफलीत मोबाइल उंच धरून चित्रण करणारे हात दिसतात. पुरावा जपून ठेवण्याची ही धडपड समजण्यासारखी आहे. पण डोळे त्या लहानशा काचेवर खिळले की समोरचा कलावंत आणि आपण यांच्यामध्ये एक भिंत उभी राहते, आणि मागे बसलेल्याच्या वाट्याला गायकाऐवजी आपला हात येतो.

पुढील स्नेहसंमेलनात आपल्या शाळेच्या व्यासपीठावर एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी प्रथमच गावयास उभी राहील. लाउडस्पीकर कदाचित खरखरेल, पहिला सूर थोडा कापेल. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही, हे केवळ त्या गळ्यावर आणि त्या यंत्रावर अवलंबून असणार नाही. समोर बसलेल्या आपणा सर्वांचा त्यात वाटा असेल.